आईला सांग

६ फेब्रुवारी

तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, हे ठरलेलं नाही. ‘मामंजी’ हा शब्द माझ्या तोंडात बसत नाही, आणि ‘बाबा’ म्हणायचा हक्क मला कुणी दिलेला नाही. म्हणून वरची जागा मोकळी सोडली आहे.

मी तुमची सून. आपण एकमेकांना पाहिलेलं नाही. लग्नाचं तुम्हाला कळवायचं नाही असं तुमच्या मुलाने सांगितलं, तेव्हा का म्हणून मी विचारलं नाही. तुमचा पत्ता आत्यांकडून मिळाला. तुमच्याशी आणि आमच्याशी, दोन्हीकडे बोलणाऱ्या त्या एकट्याच. देताना म्हणाल्या, "लिही. पण माझा भाऊ आहे तो. शब्दाला शब्द मिळेल अशी आशा धरू नकोस."

तुम्हाला एक नात आहे. पहिलीत जाते. हे पत्र मी तिच्यासाठी लिहिते आहे.

तुमचा मुलगा माझ्याशी बोलत नाही. नवं वर्ष लागल्यापासून. भांडत नाही, आदळआपट करत नाही, बाजार आणतो, दिवे बंद करतो, सगळं जिथल्या तिथे. चष्म्याच्या दुकानात तो दिवसभर गोड बोलतो. लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारतो, आता बरं दिसतंय की आधीचं बरं होतं. मी एकदा दुकानाबाहेर उभी राहून ऐकलं. मला त्याचा आवाज ऐकायचा तर तिथे जावं लागतं.

कारण क्षुल्लक होतं. सांगण्यासारखं नाही.

नुसता अबोला मी सोसला असता. पण गेल्या रविवारी तो आरशापुढे दाढी करत होता. मी त्याच खोलीत चादर घडी करत होते. मुलगी उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधायला शिकत होती. तो आरशातूनच तिच्याकडे बघून म्हणाला, "आईला सांग, निळा शर्ट सापडत नाहीये."

मी हात लांब केला असता तर त्याच्या पाठीला लागला असता. मुलगी उठली, दोन पावलं चालून माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "आई, बाबाचा निळा शर्ट सापडत नाहीये." मी तिला सांगितलं, दोरीवर आहे. ती दोन पावलं परत गेली आणि तेही सांगून आली. मग पुन्हा नाड्या बांधायला बसली.

हे मी आत्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "खाण तशी माती गं." आणि त्यांनी मला तुमच्या घरातलं सांगितलं. तुम्ही आणि सासूबाई एका छताखाली राहून वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलला नाहीत. मधे तुमचा मुलगा होता. शाळेतून आला की दप्तर खाली ठेवायच्या आधी त्याच्या हाती निरोप. आईला सांग. बाबांना सांग.

मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तो अबोला सासूबाईंच्या जाण्यानेच संपला, असं आत्या म्हणतात. त्याआधी तो कशाने संपला असता? हे तुम्हालाच माहीत असणार. विचारायला दुसरं कुणी उरलेलं नाही.

उत्तर खालच्या पत्त्यावर पाठवा. ही माझी कामाची जागा आहे. शाळांचे गणवेश शिवतात, तिथे मी कापड कापते. घरी पाठवू नका.

२१ फेब्रुवारी

तुमचं उत्तर आलं. शेजारच्या मशीनवरची ताई मला चिडवते आहे, "कोण गं हा? अक्षरावरून तर पेन्शनवाला दिसतोय." मी म्हटलं, सासरा आहे. तिला तो विनोद वाटला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही. उलट तुम्हीच विचारलंय, नात कोणावर गेली.

नाक माझं. कपाळ माझ्या आईचं. डावा खांदा बापाचा, उजव्यापेक्षा बोटभर खाली. हे मला लग्नाच्या वर्षी, त्याच्यासाठी पहिला शर्ट कापताना कळलं. आमचे मास्टर मुलांची मापं घेताना मागे उभ्या असलेल्या बापाकडे एकदा नजर टाकतात आणि टेप न लावताच कापडावर खांदा उतरवतात. म्हणतात, खांदा बापाचा, तक्रार आईची. सहसा चुकत नाहीत. तुमचा खांदा कसा आहे ते मला कळवा.

आत्या बोलता बोलता म्हणाल्या की खिळ्यांच्या कारखान्यात तुमचे कान गेले. त्यावरून मला एक सुचलं. कान आधीच गेले असतील आणि तुम्ही कुणाला बोलला नसाल. सासूबाई काही म्हणाल्या असतील, ते तुमच्यापर्यंत पोचलं नसेल, आणि त्यांना वाटलं असेल की मुद्दाम केलं. तिथून गाठ बसत गेली असेल. असं असेल तर लिहा. कारण मग इथेही तेच असू शकेल. मी त्याची पाठ असताना हळू आवाजात बोलून बघते आहे. अजून नक्की काही सांगता येत नाही.

कारखान्यातल्या खुणा त्याला अजून येतात. मशीनच्या आवाजात तुम्ही लोक हातांनी बोलायचात, ओठ वाचायचात, आणि त्या खुणा तुम्ही त्याला खेळ म्हणून शिकवल्यात, असं त्याने मला सांगितलं होतं. तुमच्याबद्दल त्याने सांगितलेली ती एकमेव चांगली गोष्ट. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत पाहुण्यांच्या घोळक्यात तो लांबून माझ्याकडे बघत बोट हवेत गोल फिरवायचा. तार संपली. म्हणजे चल, घरी जाऊ. कानाची पाळी ओढली की सुपरवायझर येतोय. ती खूण तो आत्या आल्या की करायचा, आणि त्यांना ती माहीत होती, त्या त्याला पाठीत धपाटा घालायच्या.

एक खूण त्याने एकदाच दाखवली. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट आवळून दोन्ही हात डोक्यावर धरायचे. हात अडकला, मशीन थांबवा. मुलीने ती खेळताना केली तेव्हा तो तिच्यावर ओरडला. ही खेळायची नाही.

आता तो तार संपल्याची खूणही करत नाही.

१० मार्च

तुम्ही लिहिलंत, "कान नंतर गेले. तेव्हा सगळं ऐकू येत होतं. तिचं रडणंही."

मी तुम्हाला आयती सबब दिली होती. तुम्ही ती घेतली नाहीत. त्याबद्दल काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. वाईट वाटलं, आणि तुमच्यावर थोडा विश्वास बसला.

तुमच्या मुलाचेही कान शाबूत आहेत. परवा मी आतल्या खोलीत स्वतःशी पुटपुटले की नळ टपकतोय. थोड्या वेळाने तो पाना घेऊन आला, नळ घट्ट केला आणि गेला. माझ्याकडे बघितलं नाही. मी तिथे उभी राहून नळाकडे बघत राहिले. तो बहिरा निघाला असता तर मी सुटले असते. आपल्या माणसासाठी असं मागणं कुणी मागतं का?

आता दुसरं.

गेल्या महिन्यात एकदा मुलगी येऊन म्हणाली, "बाबा म्हणाला, आई दमलीये, तिला पडू दे जरा." मी खरंच पडले. भिंतीकडे तोंड करून पडले आणि मला बरं वाटलं. मग असे आणखी निरोप आले. बाबा म्हणतो, हिरवा रंग तुला शोभतो. बाबा म्हणतो, भात छान मोकळा झालाय. मी लागोपाठ हिरवे कपडे घातले. आमची ताई म्हणाली, "पेन्शनवाल्याला हिरवा आवडतो वाटतं."

मग एक दिवस सकाळी मी कामाला निघाले होते. मुलगी बाहेरच्या खोलीतून धावत आली आणि म्हणाली, "बाबा म्हणतो, सावकाश जा, जिना नुकताच पुसलाय."

बाबा घरात नव्हता. तो दूध आणायला गेला होता. जाताना दार हळू ओढून गेला, त्यामुळे तिला कळलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, बाबा तर नाहीये घरात. ती जराही गोंधळली नाही. म्हणाली, "म्हणणारच होता."

मी तिला रागावले नाही. जवळ घेऊन समजावलंही नाही. जिना उतरले. आणि दुसऱ्या दिवशी ती काय घेऊन येते याची वाट पाहिली. हे तुम्हालाच लिहू शकते, म्हणून लिहिते.

माझ्याकडून त्याला काय काय पोचलं आहे, कोण जाणे. एकदा तो स्वयंपाकघराच्या दारात थांबून माझ्याकडे बघत होता, जणू मी त्याला काही विचारलं आहे आणि तो उत्तर शोधतो आहे. मी काहीच विचारलं नव्हतं.

२ एप्रिल

"तोही करायचा." एवढं लिहून तुम्ही एक ओळ सोडली आहे. मग लिहिलंत, "‘बाबा, आई म्हणते जेवून घ्या, ती तुमच्यासाठी थांबलीये.’ ती थांबलेली नसायची. ताट झाकलेलं असायचं. मला माहीत होतं, तिलाही माहीत असणार. आम्ही त्याला अडवलं नाही. गोड शब्द फुकट मिळत होते, मेहनत पोराची."

हे मी वाचलं त्याच आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिका वयाने लहान आहेत, माझ्याशी बोलताना खडूचा तुकडा बोटांत फिरवत होत्या. मुलीच्या दोन मैत्रिणींचं भांडण झालं होतं. आमचीने दोघींचे निरोप नेले. ती सॉरी म्हणते, ती म्हणते तुझ्याशिवाय डबा खावासा वाटत नाही. दोघी खूश झाल्या, गळ्यात पडल्या, आणि मग एकमेकींना विचारलं. दोघींपैकी कुणी काहीच म्हणालेलं नव्हतं. आता दोघी मिळून हिच्याशी बोलत नाहीत.

बाई म्हणाल्या, "हुशार आहे हो. पण अगदी सहज खोटं बोलते. मुलं घरात बघतात ना, तेच करतात." मग आपण फार बोललो असं वाटून त्यांनी खडू खाली ठेवला.

घरी आल्यावर मी मुलीकडे नीट बघितलं. ती अभ्यासाला उंबऱ्यावर बसते, दोन खोल्यांच्या मधे. मी विचारलं, इथे का बसतेस, वारा लागतो. म्हणाली, "इथून दोन्हीकडचं ऐकू येतं." आणि बोलायच्या आधी तिचे ओठ हलतात. आधी आतल्या आत म्हणून बघते, मग मोठ्याने. तुमच्यासारख्या ओठ वाचणाऱ्याला तिचा निरोप आधीच कळला असता.

तेव्हा मी ठरवलं ते असं. परीक्षा संपली की मी तिला घेऊन माझ्या भावाच्या गावी जाते. तिथल्या कापडवाल्याला कटर हवी आहे. मास्टरांना सांगितलं आहे. ते म्हणाले, "ऐन गणवेशांच्या दिवसांत जातेस?" आणि मग म्हणाले, "जा." बॅग पलंगाखाली आहे, अर्धी भरली आहे. तुमच्या मुलाला सांगितलेलं नाही. या घरात सांगायची एकच रीत उरली आहे आणि ती मी वापरणार नाही.

मुलीला मी सुट्टी दिली. समोर बसवून म्हटलं, आजपासून निरोप बंद. बाबाने सांगितलं, मी सांगितलं, कुणीही सांगितलं, तरी म्हणायचं, मला सुट्टी आहे. तिने विचारलं, किती दिवस. मी म्हटलं, कायमची. तिने थोडा विचार केला. म्हणाली, "मग मी काय करू?"

एक गोष्ट राहिली. पहिल्या पत्रात मी एक वाक्य फिरवून लिहिलं होतं. ‘खाण तशी माती’ हे आत्या म्हणाल्या नव्हत्या. तुमच्या घरातलं त्यांनी मला पूर्वीच सांगितलं होतं, आमची मुलगी तान्ही असताना, आणि मी ते जपून ठेवलं होतं. नव्या वर्षाच्या सकाळी आमचं भांडण झालं, कशावरून ते आता मला आठवतही नाही, आणि तो मधेच गप्प झाला. आधीही व्हायचा, दिवसभर, फार तर दोन दिवस. त्या सकाळी मला ते सहन झालं नाही. मी म्हटलं, "बरोबर आहे. खाण तशी माती." तो माझ्याकडे बघत राहिला. मला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं.

त्यानंतर तो बोललेला नाही.

म्हणजे बघा, निरोप बदलून पोचवायला आमच्याकडे पहिलीतलीच मुलगी लागते असं नाही.

१९ एप्रिल

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. जाड पाकीट बघून ताई म्हणाली, "पेन्शनवाल्याला कंठ फुटला." माझं वाचून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. डब्यातलं अर्धं माझ्या डब्याच्या झाकणात काढून ठेवलं.

तुम्ही लिहिलंत, "जा. तुमच्या सासूनेही जायला हवं होतं. तिला जा म्हणायलाही मी कधी कुणाला पाठवलं नाही."

मग हॉस्पिटलचं लिहिलंत. मी ते इथे पुन्हा उतरवते, कारण मला ते बरोबर कळलं आहे की नाही ते तुम्ही बघा.

सासूबाई आत होत्या. तुम्ही बाहेर बाकावर. तुमचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. तुम्ही त्याला म्हणालात, "आईला विचार, मी आत येऊ का." तो आत गेला. दार नुसतं लोटलेलं होतं, त्याला काच होती. काचेतून तुम्ही बघत होता. तो पलंगापाशी उभा राहिला. त्यांचं पांघरूण सारखं केलं. परत आला आणि म्हणाला, "नको म्हणते." तुम्ही जन्मभर मशीनच्या आवाजात ओठ वाचलेले. त्याचे ओठ हलले नव्हते. त्यांचेही नाहीत. सगळी वर्षं सासूबाईंनी न म्हटलेलं गोड त्याने त्यांच्या नावावर तुम्हाला आणून दिलं, आणि शेवटचा एकच निरोप त्याने कडू करून आणला. तोही त्यांनी न म्हटलेला. तुम्ही बाकावर बसून राहिलात. त्याच दुपारी त्या गेल्या.

त्यानंतर तो तुमच्या समोर उभा राहिलेला नाही. सगळे म्हणतात, बापावर राग आहे. आत्याही तेच म्हणतात. तुम्हाला वाटतं, तो राग नाही. माझ्याशी त्याचा अबोला चालला आहे, तोही मग नुसता राग नसेल. पण मुलीला त्याने काय फरक पडतो?

शेवटी तुम्ही लिहिलंत, "त्याला सांगा, मला तेव्हाच कळलं होतं. त्याला सांगा, दार उघडंच होतं. मीच उठलो नाही. त्याची चूक नाही."

मी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि कामाला लागले. एकावर एक थर लावून बाह्या कापत होते. कापता कापता ते दोन शब्द पुन्हा कानात आले. त्याला सांगा.

नाही. मी सांगणार नाही.

आधी मुलगा होता, आता सून. तुम्ही पुन्हा बाकावरच बसला आहात आणि कुणाला तरी आत पाठवता आहात. तुमच्या पत्राने मी रडले, हेही खरं आहे, आणि तरी सांगणार नाही. मी मुलीला सुट्टी दिली, तशी मलाही.

इथलं दारही उघडंच आहे. या, आणि तुमच्या तोंडाने सांगा. ऐकू येत नाही म्हणू नका, बोलायला कान लागत नाहीत. रविवारी दुकान बंद असतं. तुम्ही येताय हे मी त्याला कळवणार नाही. निरोप बंद आहेत.

परीक्षा महिनाअखेरीस संपते.

१२ मे

बाबा,

इथून परत गेल्यावर पाठवलेल्या चिठ्ठीत तुम्ही विचारलंत, खिडकीकडे तोंड करून तो काय बोलला. मी सांगणार नाही. त्याला विचारा. तो उत्तर देईल असं वाटतं, खात्री नाही.

पण त्या रविवारचं मी एकदा नीट लिहून काढते. तुम्ही तिथे होता, तरी वाचा. तुम्हाला ऐकू न आलेलं, आणि तुमच्या पाठीमागे घडलेलंही त्यात आहे.

दार उघडलं तेव्हा मी आधी तुमचा डावा खांदा बघितला, मग चेहरा. मास्टर जिंकले.

तो टेबलापाशी कुणाच्या तरी चष्म्याची दांडी बसवत होता. त्याने मान वर केली, तुम्हाला बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. तुम्ही उंबऱ्याच्या आत आलात आणि उभे राहिलात. मी खुर्ची पुढे केली. तुम्ही बसलात, हात गुडघ्यांवर, बाकावर बसल्यासारखे. मग तो मान खालीच ठेवून मुलीला म्हणाला, "त्यांना विचार, पाणी हवं का."

तिने हात पाठीमागे बांधले. म्हणाली, "मला सुट्टी आहे."

तुम्ही तिचे ओठ वाचलेत आणि हसलात. तुमचं हसणं तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून सांगते, ते फार मोठं आहे. शेजारणीने दार उघडून बघितलं. तुमच्या मुलाच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला तो वाकला, आणि वाकलेला असतानाच तुम्ही बोलायला लागलात. तो वर येईपर्यंत थांबायला हवं होतं, असं मला वाटलं. पण तुम्ही थांबला असतात तर कदाचित बोलला नसतात.

"मी काचेतून बघत होतो. तू तिला विचारलं नाहीस. मला तेव्हाच कळलं."

तो टेबलाखाली तसाच राहिला.

"दार उघडं होतं. मी उठलो नाही. तू पोर होतास."

तो उठला आणि खिडकीशी गेला. तिथे तो बोलला, तुमच्याकडे पाठ करून. तुम्ही म्हणालात, "इकडे बघून बोल. मला दिसत नाहीये." तो वळला नाही. पुन्हा तेच बोलला, आणि मग बोलणं थांबलं. त्याचे हात वर गेले. मला वाटलं, खिडकीची कडी काढतोय. त्याने एका हाताने दुसरं मनगट आवळलं आणि दोन्ही हात डोक्यावर धरले.

मुलगी हळूच म्हणाली, "आई, ही खेळायची नाही ना?"

मी उत्तर द्यायच्या आत तुमची खुर्ची पडली होती. या वयात कुणी इतक्या वेगाने उठतं हे मी पाहिलेलं नव्हतं. तुम्ही त्याच्यापर्यंत पोचलात आणि मनगटावरची त्याची बोटं एकेक करून सोडवलीत. जोर लावून नाही, गुंतलेली तार सोडवतात तशी. मग तुम्ही त्याचा हात तसाच धरून ठेवलात. मी मुलीला घेऊन आत गेले. त्यापुढचं तुम्हा दोघांचं.

तुम्ही गेल्यावर तो संध्याकाळपर्यंत खिडकीशीच बसला. मग स्वयंपाकघराच्या दारात आला. सवयीने त्याने इकडेतिकडे मुलीला शोधलं. ती खाली खेळायला गेली होती. तो उभा राहिला. मी कणीक मळत होते, मळत राहिले. हे माझ्याकडून मदत म्हणून होतं की शिक्षा म्हणून, ते मला माहीत नाही.

शेवटी तो म्हणाला, "निळा शर्ट कुठे आहे?"

मी म्हटलं, "दोरीवर."

तो गेला, शर्ट काढून आणला आणि घातला. रविवारची संध्याकाळ होती. त्याला कुठेही जायचं नव्हतं.

सगळं नीट झालं असं समजू नका. सोमवारी तो दोन वाक्यं बोलला, मंगळवारी एकही नाही. ‘खाण तशी माती’ म्हटल्याबद्दल मी त्याची माफी मागितली. त्याने मान हलवली, ती कुठल्या अर्थाने हे कळलं नाही. बॅग पलंगाखालीच आहे. तो रोज तिथे केर काढतो, बॅग उचलून बाजूला ठेवतो आणि केर काढून झाला की पुन्हा जागेवर ठेवतो. अजून काही विचारलेलं नाही. परीक्षा संपली आहे. मास्टरांकडून मी थोडी मुदत मागून घेतली आहे. ते म्हणाले, "कापडात चार बोटं माया जास्त ठेवतात ना, पोर वाढेल म्हणून. तेवढी ठेव. पण तेवढीच." भावाला कळवलं आहे की येणार, पण तारीख कळवलेली नाही.

आज सकाळी मुलगी उंबऱ्यावर बसली होती. नाड्या आता तिच्या तिला बांधता येतात. मी चादर घडी करत होते. तो पलीकडच्या खोलीत होता. ती उठून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आई, बाबा म्हणतो..." आणि तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला. सुट्टी आठवली. ती परत जाऊन उंबऱ्यावर बसली.

पलीकडून तो म्हणाला, "मी काही म्हटलेलं नाही."

मुलगी माझ्याकडे बघत होती, मग त्याच्याकडे.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "म्हणणार होतो."

"मग इकडे येऊन म्हण," मी म्हटलं.

मधे दोन पावलांचं अंतर आहे. त्याला ते चालायला वेळ लागला. मुलगी उंबऱ्यावरून उठली आणि बाजूला झाली.